मधोमध पडलेली पाकळी

इब्रामपूर, पेडणे
१४ जून १९८७

ती. सगुणदादास,

संजनाचा साष्टांग नमस्कार. इथे आम्ही सगळी मजेत आहोत, आणि मस्कतला तूही वेळेवर जेवतोस असे धरून चालते. आईची कंबर आता बरी आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. गोवा घटक राज्य झाले, ते तुला तिथल्या रेडिओवर कळलेच असेल. कोकणी राजभाषा झाल्यापासून बाबा घरात हट्टाने पुस्तकी मराठी बोलतात. परवा मला म्हणाले, "कन्ये, पेज आणावी." पेजेला मात्र दुसरा शब्द त्यांना सापडला नाही. तुझी पेटी जागच्या जागी आहे. तिच्यातले सामानही ठीक आहे, म्हणजे बरेचसे.

एक मोठी बातमी आहे, पण ती शेवटी. पत्र खालून वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी वरूनच वाच, नाहीतर माझी शप्पथ.

मागच्या पत्रात लिहिलेच होते की डिचोलीकडच्या नदीकाठच्या एका वर्कशॉपमध्ये मी वेल्डरच्या जागेसाठी अर्ज केलाय. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक बंद, म्हणून नदीतून ते वाहून नेणाऱ्या साऱ्या बार्जी दुरुस्तीला काठावर चढतात आणि त्यांना माणसे लागतात. म्हापशाच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेली आमच्या तुकडीतली मुलगी मी एकटी. अर्ज केला तेव्हा सगळे हसले होते. बोलावणे आले तेव्हा हसायचे थांबले, आणि घरात एकच विषय सुरू झाला. संजना घालणार काय?

बाबांचे मत साडी. "साहेबांपुढे जाताना साडीच शोभते." शेजारच्या पद्मावतीकाकींनी तर स्वतःची नायलॉनची साडी आणून दिली, निळी, वर चकाकणारी फुले. दादा, त्या साडीवर एक ठिणगी पडली असती तर नोकरीच्या आधी माझाच निकाल लागला असता. हे काकींना सांगितले, तर म्हणाल्या, "गो, थंय तुका फकत इचारतले. आग कित्याक लायतले?" मला सलवार-कमीज बरी वाटत होती, पण माझी एकुलती एक टेरिलीनची. ती काय आणि नायलॉन काय, ठिणगीला दोन्ही सारख्याच आवडतात. आणि ही नोकरी मला हवीच होती रे.

आईने आपले नेहमीचे केले. मला घेऊन सातेरीच्या देवळात गेली आणि कौल लावायला सांगितले. कृष्णनाथ गुरवांनी पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या, गाऱ्हाणे घातले. आई हात जोडून म्हणाली, "उजवी पडली तर साडी, डावी पडली तर सलवार." आम्ही बसलो. माशा उडत होत्या. दोन्ही बाजूंच्या पाकळ्या हट्टाने चिकटून राहिल्या. शेवटी देवीच्या कपाळावर शोभेसाठी लावलेली पाकळी तेवढी सुटली आणि सरळ मधोमध, पायांवर पडली.

गुरव आधी चिडले. "वयनी, देवीक असला काय इचारतत? ह्या कापडाचा दुकान न्हय!" मग त्यांना स्वतःलाच हसू आले. "आता ती म्हणता, दोनय नको. तिसरा कायतरी बघा."

मी वाटभर हसत होते. आई झपझप पुढे चालत होती.

दुपारी जेवणे झाली आणि माजघरातून पेटीची कडी वाजली. कोणती पेटी ते तुला सांगायला नको. आईने तुझी जीन पँट बाहेर काढली. होय दादा, तीच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तू घासाघीस करून घेतलेली, जाताना "ही ठेव, मी परत येणार त्याची खूण" म्हणून आईच्या हातात दिलेली. तू गेलास तेव्हापासून दर दिवाळीला आई ती उन्हात टाकते आणि कापूर घालून परत ठेवते. मला हात लावू देत नसे. तुझे कंत्राट संपले, तू ते वाढवून घेतलेस, तरी तिची एकही दिवाळी चुकली नाही.

मला म्हणाली, "उबी रव." पँट माझ्या कमरेला लावून बघितली, पायांशी खडूने खूण केली.

मी म्हटले, "आई, ती दादाची."

"माका ठावक आसा. मीच ठेवलंय ना ती?" कात्री हातात घेत ती म्हणाली, "तो येवचो तेव्वा येतलो. तुका सोमवारी जावचा आसा."

आणि कापली. त्या जाड सुती कापडात मशीनच्या सुया मोडल्या, शेवटी कंबर तिने हातानेच शिवली. मला रडू आले, तिला नाही. वर बाबांचा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. तो बाबांनी आपणहून दिला, "धारण कर" म्हणून.

सोमवारी गेले. सगळी मुले कडक इस्त्रीची, टेरिलीनची, एकाने तर नेकटायही लावलेला. मला बघून कुजबुज झाली, माझे कान तापले. विचारपूस झाली आणि फोरमन मिंगेल एकदम म्हणाले, चला, आता पत्रे जोडून दाखवा. खाली बसून! नेकटायवाल्याने रुमाल पसरून त्यावर एक गुडघा टेकला. ठिणगी उडाली, मांडीवर भोक पडले, आणि तो असा उडाला की सगळे वर्कशॉप हसले.

माझी पाळी आली. आईने केसांत अबोलीचा वळेसर माळला होता. मिंगेल म्हणाले, "फुलां काड गो, जळतलीं." तो तुझ्या खिशात, म्हणजे माझ्या खिशात ठेवला आणि मांडी ठोकून बसले. गुडघ्यावर ठिणग्या पडत होत्या आणि विझत होत्या. सांधा सरळ रेषेत उतरला दादा, खरेच.

मिंगेलनी सांधा ठोकून पाहिला, मग पँट पाहिली. "ही कोणाची?"

"भावाची. तो मस्कतला असतो."

"मागीर ताका बरय, तुजे पँटीक काम मेळ्ळें म्हूण."

तर त्यांच्या सांगण्यावरून लिहिते, तुझ्या पँटीला काम मिळाले. ही बातमी. उद्यापासून कामावर! गावभर पेढे वाटले, गुरवांना दोन जास्त. बाबा आनंदाने मराठी विसरले आणि अंगणातून ओरडले, "माज्या चेडवाक काम गावला!"

पण एक लिहायचे राहिले. सकाळी मी तुझी पेटी उघडली. पँटीच्या पायांचे कापलेले दोन तुकडे आईने घडी घालून, कापूर घालून तिथेच ठेवलेत.

ती आता शेजारी बसून तांदूळ निवडतेय. विचारले, दादाला काय लिहू? म्हणाली, "ल्ही, खूण मोडली म्हणान थंय रवू नको. आसशीत तसो ये."

तुझी धाकटी, जी ती पँट आता परत देणार नाही,
संजना