मुका रोक्को

२१ नोव्हेंबर १९४३

चार शब्द बोललो तरी कोणीही ओळखेल – हा उत्तरेतल्या फेराराचा! म्हणून या डोंगरगावात मी मुका. खोट्या कागदांवर रोक्को, राहणार फोज्जा, पार दक्षिणेत. बॉम्बहल्ल्यात घर गेलं, बायको गेली, वाचाही गेली. बायको खरं तर त्याआधीच वारली. कोर्टं आणि सभा गाजवलेला माणूस मी. बोलायचं नाही तर निदान लिहू तरी!

माझी पेर्ला सात वर्षांची. इथे तिचं नाव कार्मेला. तिच्यासाठी रोज सकाळी कोंबड्यांपुढे मूक भाषण करतो – वळलेली मूठ, घाम पुसणं, सगळं. काल कानात म्हणाली, “बाबा, ती तांबडी तुमच्या विरोधात मत देणार.”

१ डिसेंबर

दुकानातल्या रेडिओवर हुकूम ऐकला. सगळ्या यहुद्यांना धरून छावण्यांत टाका. सगळ्यांना! ज्या सरकारला सात वर्षांच्या पोरीची धास्ती वाटते, त्याला सरकार म्हणायचं? उत्तर ओठांपर्यंत आलं. गिळलं. ग्वाल्तिएरो – गावातला फॅसिस्ट, सदैव काळ्या सदऱ्यात – हुकूम ऐकतच नव्हता. माणसांचे चेहरे वाचत होता.

२ डिसेंबर

पेर्ला : “छावणीत कोंबड्या असतात?” म्हटलं, असतात, पण त्यांना मत नसतं. ती हसली. मला जमलं नाही.

८ डिसेंबर

घात झाला.

मारियेचा सण. सगळं गाव चर्चमध्ये. पाद्रीबाबांनी खांद्यांवर पांढरी शाल घेतली, दोन्ही हात तिच्यात झाकून वर उचलले. लोकांनी गुडघे टेकले, माना खाली घातल्या. आमच्या सिनेगॉगमध्ये आशीर्वादाच्या वेळी प्रत्येक बाप आपल्या शालीखाली मुलांना घेतो, त्यांच्या डोक्यावर हात ठेवतो. पेर्लाला दुसरं काय ठाऊक? शाल दिसली आणि ती सरळ माझ्या कोटाखाली शिरली. डोकं वाकवून थांबली. आणि माझा हात – माझा शिकलासवरला हात! – तिच्या डोक्यावर गेलेला होता.

ग्वाल्तिएरोची मान खाली नव्हती.

बाहेर त्याने तिचा गालगुच्चा घेतला. “काय गं कार्मेला, तुमच्या फोज्जात चर्चमध्ये लपंडाव खेळतात?”

“थंडी वाजली, काका.”

“आणि बापाने डोकं दाबून धरलं! वा रे मुक्या!” हसला. फार वेळ हसत राहिला.

९ डिसेंबर

घरमालकीण झेलिंदाबाई सकाळीच आत आल्या. “पोरीला गवताच्या गाडीतून माझ्या बहिणीच्या मठात पोचवते. बायाबापड्यांचा मठ आहे, तुला घेणार नाहीत.” मी हातवारे करून विचारलं, का?

“पुरे कर ते हातवारे! इथे आल्यापासून झोपेत भाषणं ठोकतोयस. भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं. परवाचं जरा लांबलं.”

पेर्ला पोट धरून हसली. मीही – चक्क आवाज करून!

मग बाई हळू बोलल्या. ग्वाल्तिएरोने शहरातून शिपाई मागवलेत. रविवारी संध्याकाळी येणार. त्याची बहीणच विहिरीवर सांगत होती. वेशीवर त्याची दोन माणसं बसलीत. गाड्या थांबवतात, गवतात सळया खुपसून बघतात.

१० डिसेंबर

सळया.

११ डिसेंबर

ती दोघं वेशीवरून हलली पाहिजेत. कशाने हलतील, ते सुचलं. झेलिंदाबाईंना सांगितलं. बराच वेळ चूल फुंकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मजेचं बोल रे. रागावून बोललास तर लोक लवकर पांगतात.”

१२ डिसेंबर, रविवार

चर्च सुटलं. चौक भरला आहे. मुका बोलू लागला म्हटल्यावर वेस कोण राखत बसेल?

पेर्लाशी पैज लावली – गाडीपर्यंत जाताना मागे बघेल तो हरला. ती वळली नाही. गवतात शिरली.

निघतो. गाडी टेकडीआड जाईपर्यंत लोकांना हसवत ठेवायचं आहे.