न दिसणारा ठिपका

१७ नोव्हेंबर २०१७

माझंच नाव! सहदेवकाकांनी भर दुकानात विचारलं, "अलफिया, कंपनीच्या मानसाले तूच सांगतं ना?"

पिंपळगावातले शेतकरी बोंडअळीच्या तक्रारी बियाणं कंपनीला माझ्याच दुकानातल्या संगणकावरून पाठवतात. मेलचे पत्ते मी काढून दिले, उत्तरं मीच उघडून वाचून दाखवते. आणि उत्तर उघडलं की बियाणं कंपनीचा माणूस नेमका त्याच शेतकऱ्याच्या बांधावर हजर! "पऱ्हाटी मोडून टाका, ट्रॅक्टर आमचा." पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशीच मोडली तर भरपाईसाठी सरकारी पंचनामा कशाचा करणार? तिघांची मोडली. आणि चुगलखोर कोण, तर मी!

१९ नोव्हेंबर

आता माझं दुकान टाळून झेरॉक्ससाठीसुद्धा लोक नांदुऱ्याला जातात. जाऊ देत.

२३ नोव्हेंबर

परवा कडूबाकाका चोरून आले होते. नेट रडत होतं म्हणून मेलमधली चित्रं बंद ठेवून त्यांचं उत्तर वाचून दाखवलं. तो माणूस त्यांच्याकडे अजून फिरकलाच नाही. का?

२५ नोव्हेंबर

सापडलं! कंपनीच्या उत्तराच्या तळाशी एक चित्र आहे - ठिपक्याएवढं, पांढऱ्यावर पांढरं. मेल उघडली की ते कंपनीच्या यंत्रावरून येतं, आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या ठिपक्याला वेगळा नंबर. म्हणजे कोणी, कधी वाचलं ते तिकडे लगेच कळतं. हरामखोर!

सहदेवकाकांना बोलावून दाखवलं. "जे दिसतच नाही, थे चित्र कसं वं?" वर हसले. मला रडू आलं. त्यांच्यासमोर नाही रडले.

२८ नोव्हेंबर

वामनराव आणि सहदेवकाका, दोघांना समोर बसवलं. वामनरावांच्या तक्रारीचं उत्तर अजून उघडलं नव्हतं; चित्रं चालू केली आणि ते उघडलं. कोणीच उठायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. चहा संपायच्या आत वामनरावांचा फोन वाजला - "काका, उद्या येतो शेतात." कंपनीचाच माणूस! सहदेवकाकांचा चेहरा खर्रकन उतरला. माफी? छे! "बरं झालं, समजलं," एवढंच.

२९ नोव्हेंबर

वामनरावांनी त्याला बांधावरूनच परतवून लावलं. आता सगळ्यांच्या मेलमधली चित्रं बंद.

पंचनाम्यासाठी तालुक्याच्या कृषी साहेबांना आधीच तक्रार गेली आहे. आज पुन्हा पाठवली, पण या वेळी तसलाच एक ठिपका मीही घातला. शिकवलंच आहे कंपनीनं!

६ डिसेंबर

साहेबांनी मेल उघडलेली नाही. रोज बघते. उघडलेलीच नाही! शेतात पऱ्हाटी तशीच उभी आहे, बोंडं किडून काळी पडलीत. या गावाची तक्रार वाचायलाही कोणाला वेळ नाही. चीड येते, नुसती चीड.

११ डिसेंबर

सकाळीच वामनराव आले. "चित्र चालू कर पोरी, अन् माही मेल उघड. गव्हाचा पेरा निघून चालला. थो कंपनीवाला ट्रॅक्टर घेऊन तरी येते."

उघडली.