न्हाणीकडच्या वाटेवरचे तीन दिवे

सातारा,
१८ सप्टेंबर २०२४

ती. आबांस,
क्रांतीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर माझं बोलणं तुम्हांला ऐकू येत नाही आणि आईला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत तिच्या ध्यानात राहत नाही, म्हणून पत्रच बरं.

सोबतच्या खोक्यात तीन प्लेटा आहेत. भिंतीतल्या प्लगवरचं जुनं कव्हर काढून त्या जागी या बसवायच्या. खालच्या कडेला बारीक दिवे आहेत; अंधार पडला की आपोआप लागतात, उजाडलं की विझतात. एक आईच्या पलंगाशी, एक सोप्यात, एक न्हाणीच्या पायरीजवळ. गौरीला आले तेव्हा आई भिंत चाचपत चालताना दिसली, ते डोळ्यांपुढून हलत नाही.

आधी मेन स्विच बंद करा. हवालदारसाहेबांना हे सांगावं लागतं, कारण मिक्सरच्या प्लगनं तुम्हांला कसं उडवलं ते अजून सारी आळी सांगते.

आईला नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
क्रांती

शिराळा,
२९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. क्रांतीस अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. बावीस वर्षं तोफखान्यात काढली, अंधारात तोफा जोडल्या, आन आता न्हाणीत जायला लेक दिवं धाडती व्हय! तुझी आई लय हसली. घटकाभरानं मला इचारलं, हे कुणी धाडलं. मी परत सांगितलं. परत हसली.

प्लेटा बसवल्या. झ्याक उजेड पडतोय. तू काळजी करू नगंस. पोरांच्या परीक्षा घे, स्वतःच्या कंबरेकडं बघ. भुईमूग काढाय आलाय, पोतंभर धाडतो.

माया हायच, ती काय लिवायची.

तुझा,
आबा

सातारा,
५ ऑक्टोबर २०२४

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. खरं तर दसऱ्याला येऊन मीच बसवणार होते. आता ते काम झालंच आहे, तर दिवाळीलाच सवडीनं येते. शाळेत पेपर तपासायचे ढीग पडलेत.

आईला म्हणावं, दिव्यांच्या उजेडात सावकाश चालायचं. तिच्यावर लक्ष ठेवा आणि माझ्यावर लोभ.

क्रांती

शिराळा,
५ जानेवारी २०२५

चि. सौ. क्रांतीस आशीर्वाद.

तुझी आई जाऊन दोन म्हैनं झालं. तेराव्यानंतर तू गेलीस ती पत्र न्हाई. मीबी लिवलं न्हाई. आज लिवतोय, कारण पोटात ठेवून अन्न जाईना झालंय.

तुला लिवलं तवा प्लेटा बसवल्या नव्हत्या. खोकं ट्रंकेत होतं. ती पडली तवाबी ट्रंकेतच होतं.

रातीला ती उठली की मला हलवायची. मी हात धरून न्हाणीपातूर न्यायचो, आणायचो. पन्नास वर्षं तिनं माझं सगळं केलं, मी तिचं करावं असं हे एवढंच काम माझ्याकडं आलं होतं. ते भिंतीतल्या दिव्याला द्यायचं माझ्या जिवावर आलं. त्या राती तिनं मला हलवलं न्हाई. का, ते ठावं न्हाई. उजाडल्यावर बघतो तर पायरीपाशी पडलेली, पाय वाकडा.

इस्लामपूरला दवाखान्यात ठेवल्यावर दुपारी तिची लुगडी न्यायला घरी आलो आन तिन्ही प्लेटा बसवल्या. तुला कळू नये म्हणून. अर्धा तास लागला, क्रांते. एवढंच काम होतं.

अकरा दिसांनी ती गेली. आता सांज झाली की तिन्ही दिवं लागत्यात. ज्ञानू वायरमन म्हणला, काढून देतो. मी नको म्हणलं.

येक इचारतो. दवाखान्यात तू तिच्यापाशी होतीस. तिनं राती हाका मारल्या व्हत्या का? मला ऐकू येत न्हाई. खरं असंल तेच लिव.

लोभ मागायला तोंड न्हाई.

आबा

सातारा,
११ जानेवारी २०२५

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

मला ठाऊक होतं. आईनंच सांगितलं. मी दवाखान्यात पोचले त्या सकाळी तिचं मन लख्ख होतं. म्हणाली, दिवे ट्रंकेतच आहेत, पण आबांना बोलू नको. त्यांचा हात धरून जायला मला बरं वाटायचं.

त्या रात्री तुम्हांला हलवलं का नाही, तेही विचारलं होतं. दिवसभर भुईमुगाची पोती उचलून तुम्ही दमला होता. म्हणाली, बिचाऱ्याला निजू दे म्हटलं.

आणि तिनं हाका मारल्या नाहीत. ऐकू यायचं नाही हे माहीत असताना हाक कशाला वाया घालवायची, असं म्हणून हसली. उजाडायची वाट बघत पडून राहिली. तुम्ही खरं मागितलंत, म्हणून लिहिलं.

तुमची चूक नाही, असं लिहायला चारदा बसले, लिहवत नाही. दसऱ्याला आले असते तर, हेही माझ्या मनातून जात नाही. दोन महिने याच रागात गेले. तुमच्यावरचा किती आणि माझ्यावरचा किती, मला वेगळं करता येत नाही.

येत्या शनिवारच्या पहिल्या एसटीनं येतेय. आईचं कपाट अजून तसंच असेल. तुम्ही एकट्यानं उघडू नका. दोघं मिळून आवरू. तिची लुगडी कुणाकुणाला द्यायची ते तुम्ही सांगा, घड्या मी घालते.

राग आहे, आबा. लोभही आहे. तुमचाही असू द्या.

क्रांती