रिकाम्या हातांनी बेटावर

॥ श्रीहरिकृपा सदैव असो ॥

दि. ४ जानेवारी

चि. मासोळीस, आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

ज्याच्या कृपेने समुद्र आपली मर्यादा सांभाळतो, त्याला वंदन करून मूळ विषयाकडे येतो. तुझे पत्र पावले. वादळाने मोडलेल्या प्रवाळांच्या फांद्या तू खडकांवर पुन्हा रोवल्या होत्यास, त्या आता फोफावल्या आहेत आणि या हंगामानंतर ते बेट पाहुण्यांसाठी दहा वर्षे बंद होणार, हे वाचून आनंद आणि धसका एकदमच आला. दहा वर्षांनी मी कुठे असेन, हे त्या विधात्यालाच ठाऊक. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

परंतु बाळ, मला पाण्याची फार भीती वाटते. समुद्रमंथनावर आयुष्यभर प्रवचने केली, पण स्वतः घोट्यापलीकडे पाण्यात उतरलो नाही. तुझी आत्याआजी मला ‘कोरडे शास्त्री’ म्हणते, ते काही उगाच नव्हे. मी होडीत बसून वरूनच तुझी बाग पाहिली तर चालेल का? सागराला वाहायला परडीभर फुले आणीन. मायेत खंड नसावा.

तुझा,
आजोबा

दि. १५ जानेवारी

ती. स्व. आजोबांस, कृ. सा. न. वि. वि.

होडीतून तुम्हाला फक्त तुमचाच चेहरा दिसेल, आणि तो तुम्ही रोज दाढी करताना पाहताच. पाण्यात उतरावेच लागेल. अंगात तरंगते जाकीट, डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची नळी असेल आणि तुमचा हात माझ्या हातात. शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत तुम्ही माझे बोट सोडले नव्हते. मीही सोडणार नाही.

फुले मात्र नकोत. बेट राखीव आहे. इथे काही टाकायचे नाही, इथून काही न्यायचे नाही. अंगाला तेल चोळूनही येऊ नका, ते प्रवाळांना बाधते. मी इथली राखणदार; माझ्याच आजोबांनी नियम मोडला तर मी तोंड कुठे लपवू? आणि पाण्यात स्तोत्र म्हणायचे नाही. तोंड उघडले की नळी सुटते. हे तुम्हाला जमेल का, याचीच मला खरी काळजी आहे.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपली,
मासोळी

दि. १२ फेब्रुवारी

चि. धाकटीस, दादाचे अ. उ. आ. वि. वि.

कोरडे शास्त्री ओले झाले! हे वाक्य दोनदा वाच, मग पुढे जा.

धक्क्यावर मी शिडीचा दांडा असा घट्ट धरून बसलो की पोरगी म्हणाली, परत फिरायचे तर आत्ताच सांगा. मी डोळे मिटून नाव घेतले आणि शिडी उतरलो. तोंड पाण्यात घातले मात्र, आणि धाकटे, काय सांगू! हरणाच्या शिंगांसारखी जांभळी, केशरी प्रवाळे आणि त्यांतून फिरणारे निळ्या माशांचे थवे. एकेक फांदी रोवून ही सृष्टी उभी करणाऱ्या पोरीला मी अक्षरे गिरवायला शिकवली! मला राहवेना. स्तोत्राचा पहिला शब्द तोंडून निघाला, नळी सुटली आणि नळीपाठोपाठ माझी कवळीही. ती थेट प्रवाळांत जाऊन बसली.

मी वर येऊन खोकत होतो. पोरीने एकदा माझ्याकडे, एकदा खाली पाहिले. इथे काही टाकायचे नाही, हा नियम तिचाच. क्षणभर हात सोडू का, असे तिने विचारले. मी मान डोलावली. तिने सूर मारला.

मी एकटा उरलो. धरायला कुणी नाही, पायाखाली जमीन नाही. हिरड्यांनी नळी घट्ट धरली आणि पुन्हा तोंड पाण्यात घातले. खाली ती एकाही फांदीला धक्का न लावता आपल्या बागेतून अलगद सरकत होती. एक चिमुकला मासा माझ्या दातांची चौकशी करीत होता. भीती कुठे गेली ते कळलेच नाही. ज्याच्या स्तुतीसाठी जन्मभर शब्द जुळवले, त्याच्यासमोर आज ना शब्द होते, ना फुले, ना दात. तरीही इतकी पुरी पूजा माझ्या हातून कधी झाली नव्हती.

मासोळी हातातली कवळी उंचावत वर आली आणि पाहते तो काय, आजोबा एकटेच तरंगताहेत. पोरगी हसता हसता रडू लागली. तिने पुन्हा हात पुढे केला. मी घेतला नाही. धक्क्यापर्यंत आपला आपण पाय मारीत आलो.

तू शंख मागितला होतास. आणला नाही, तिथून काही न्यायचे नसते. आता माझ्यासाठी दुसरे नाव मात्र शोध.

हे पत्र तू चारचौघांत वाचून दाखवशीलच. तेव्हा जो वाचील, जो ऐकेल, त्या प्रत्येकाला भीतीपलीकडचे पाणी लाभो. आणि ज्याने कुणाला बोट धरून चालवले, त्याला ते लेकरू आपल्या पुढे गेलेले याचि डोळा पाहायला मिळो.

तुझा,
दादा