दोन कॅमेरे आणि माझा उजवा डोळा

३ मार्च, मंगळवार

खोटं बोलले! तोंडावर, चक्क पापणीही न लववता.

त्वचेच्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं. त्यांच्या मोठ्या पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले. बस कंडक्टरच्या पाठीवरचा तीळ. एक नोव्हेंबरातला, एक नऊ फेब्रुवारीचा. दोन्ही मीच काढलेले. नोव्हेंबरातल्या फोटोत तिळाची कड पट्टी लावून मोजावी इतकी स्वच्छ. फेब्रुवारीतली पुसट.

"बाई, ही कड पसरली आहे की तुमचा फोटो फसला आहे? मी काय समजू? कापू की थांबू?"

माझ्या तोंडून निघून गेलं — "कॅमेराच दगा देतोय, डॉक्टर. जुना झालाय."

कॅमेरा बिचारा! एकोणीस वर्षं मी या रुग्णालयात जखमा, पुरळ, भाजलेली कातडी आणि तीळ यांचेच फोटो काढतेय. तिळाचा फोटो काढताना फोकस यंत्रावर सोडायचा नसतो. लेन्स एका मापाला पक्की करून ठेवायची, श्वास धरायचा आणि आपणच तसूभर पुढे, तसूभर मागे व्हायचं. कड लख्ख दिसली की बटण. म्हणजे तीळ दर वेळी त्याच मापात येतो. पण कड बघणारा डोळा माझा. उजवा. त्यात कॅमेऱ्याचं काय चुकलं?

बरेच दिवस त्या डोळ्यापुढे धूळ बसल्यासारखं वाटतंय. गेला आठवडाभर तर जास्तच. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर सगळंच देखणं दिसतं, त्या जोरावर मी निभावून नेत होते.

कंडक्टरला पुन्हा बोलावलंय. एका पुसट फोटोपायी त्या माणसाचा एक दिवस जाणार. आणि तो तीळ वाईट निघाला तर? तर एक दिवस नाही, महिना गेलाय त्याचा.

४ मार्च, बुधवार

एका खोट्याचं शेपूट किती लांब असतं! कारभार बघणाऱ्या मोठ्या बाईंपर्यंत गोष्ट गेली. "कॅमेरा एवढा जुना झालाय तर आधी नाही का बोलायचं?" म्हणाल्या आणि दुपारी कॅमेऱ्याचा दुकानदार माझ्या टेबलाशी हजर. दोन खोकी घेऊन.

मंजूर झालेल्या रकमेत एक मिररलेस येतो. नाहीतर साधे, सुरुवातीच्या पायरीवरचे दोन डीएसएलआर. दोन्हींचा एकेक नग आठ-दहा दिवस वापरून बघायचा आणि एका पानावर मत लिहून द्यायचं. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल ते घेऊ. तुमच्यावर माझा डोळे झाकून विश्वास आहे."

डोळे झाकून! मला हसावं की रडावं कळेना.

दुकानदार मला शिकवायला लागला. "डीएसएलआरच्या पोटात आरसा असतो, मॅडम. लेन्समधून आलेला उजेड त्या आरशावरून थेट तुमच्या डोळ्यात. मिररलेसमध्ये आरसाच नाही. डोळा लावता तिथे आत बारका पडदा. कॅमेऱ्याला जे दिसतं ते तो तुम्हाला दाखवतो."

"म्हणजे एकात मी बघायचं आणि दुसऱ्यात मला दाखवणार."

"मॅडमना एका वाक्यात कळलं!" म्हणाला. कळणारच. दुसरं काही सुचतच नाहीये.

५ मार्च, गुरुवार

मिररलेस. सकाळी पहिला रुग्ण — कोपरावर खरूज, गवंडी. डोळा लावला आणि बघतच राहिले. केवढं स्वच्छ! एक बटण दाबलं की तेवढाच भाग दहापट मोठा होतो. शिवाय जे जे फोकसमध्ये आहे त्याच्या कडेला लाल रेघ उमटते. कुणीतरी बोट धरून दाखवावं तसं — ही बघ कड, ही बघ!

डोळ्यांत पाणीच आलं. गवंडी घाबरला. "एवढं वाईट आहे का हो?" "नाही हो," म्हटलं, "फार छान आहे." तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत बसला.

मग भाजलेल्यांच्या वॉर्डात. सहा वर्षांची पोर. आमच्या जुन्या कॅमेऱ्याचा आरसा आत खटकन आपटतो, त्या आवाजाला ती दचकते आणि दचकली की जखम ताणली जाते. आज मिररलेसचा आवाज बंद ठेवला. ती डोळे गच्च मिटून विचारत राहिली, "काढला? काढला का?" म्हटलं, "अगं, कधीच! सात काढले." एक डोळा उघडून बघितलं तिनं. हसली.

उणी बाजू न लिहिणं म्हणजे लबाडी, म्हणून लिहिते. दुपारी एकच्या ठोक्याला बॅटरी संपली. माणूस सदरा काढून बसलेला आणि मी चार्जर शोधत फिरतेय! आणि आतला पडदा कातडी खऱ्यापेक्षा लालसर दाखवतो. लाली किती आहे हे बघायचं तर डोळा काढून माणसाकडेच बघावं लागतं.

६ मार्च, शुक्रवार

साधा डीएसएलआर. हलका, हातात बसतो, बॅटरी दोन दिवसांत निम्मीही उतरायची नाही. कातडी आहे तशी दिसते.

दिसते — ज्याला दिसते त्याला! एका निवृत्त मास्तरांच्या गालावरचा डाग. चौदा वेळा फोटो काढला. पुढे झाले, मागे झाले, कड काही सापडेना. डावा डोळा लावून बघितला तर नाक आडवं येतं आणि हात ऐकत नाहीत, इतक्या वर्षांची सवय. मास्तर शेवटी म्हणाले, "माझा चेहरा एवढा आवडला होय तुम्हाला?" मी हसले. पाठीवरून घाम ओघळत होता.

संध्याकाळच्या पाळीची आमची दुसरी फोटोग्राफर आली. तिला सगळे घाईच म्हणतात. जिना कधी चालत उतरलेली कुणी पाहिलेली नाही. आल्या आल्या — "ताई, दोन घ्या ना! एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. दुपारी आपल्या पाळ्या एकमेकींवर येतात, तुम्ही तिळांचे फोटो काढत असता आणि मी वरच्या वॉर्डात ड्रेसिंग उघडून माणसं ताटकळत ठेवते. काल एक आजी पाऊण तास कुडकुडत होत्या."

"तुला कळतं का यातलं काही?" मी एकदम खेकसले. ती वळली आणि जिना चालत चढून गेली. घाई, आणि चालत!

कळतं तिला. तेच तर. तिचं बरोबर आहे.

८ मार्च, रविवार

आईला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दिसेनासं झालं. मला सेहेचाळीस पूर्ण झालीत. ही वजाबाकी मी रोज करते.

सकाळी चहा ओतत होते. आई खुर्चीतून म्हणाली, "हल्ली ओतताना थांबतेस तू. आधी धार एका दमात पडायची."

"वाफ येते गं डोळ्यावर."

"वाफेच्या गोष्टी मला सांगू नकोस!"

कप रिकामा करून ती म्हणाली, "मी तुझ्या बाबांना दोन वर्षं सांगितलं नव्हतं."

"मग?"

"मग काय? दोन वर्षं गेली."

मी कपबशा विसळायला आत गेले. नळ सोडून नुसती उभी राहिले. भीती वाटते मला. इथे लिहायला काय हरकत आहे? प्रचंड भीती वाटते. कॅमेरा गेला तर मी कोण? मला दुसरं काहीही येत नाही. आणि आईला हात धरून कोण नेणार? दोघी आंधळ्या एका घरात?

नेत्रविभाग आमच्याच इमारतीत आहे, दुसरा मजला. तिथे गेले तर तासाभरात रुग्णालयभर होईल.

९ मार्च, सोमवार

कंडक्टर आला नाही.

१० मार्च, मंगळवार

पान लिहिलं. मिररलेस घ्यावा. कारणं — मुलं दचकत नाहीत, भाग मोठा करून बघता येतो, कड चुकत नाही, पुढची दहा वर्षं चिंता नाही. बॅटरीचंही लिहिलं. एक ओळ खोटी नाही. पण मला तो का हवाय ते त्या पानावर कुठेच नाही. मला तो हवाय कारण त्याच्याआड कुणाला काही कळणार नाही. दोन वर्षं तरी!

पान खणात ठेवलं. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

डॉक्टर कॉरिडॉरमध्ये भेटले. "बाई, फेब्रुवारीतले बाकीचे तिळांचे फोटो ठीक आहेत ना? त्यांच्यावरच माझं काम चाललंय."

"हो," म्हटलं.

हे दुसरं खोटं. पहिलं तोंडून निसटलं होतं. हे मी विचार करून बोलले. जेवण गेलं नाही. किती जणांच्या पाठी, किती जणांचे गाल आहेत त्या फोटोंत!

१२ मार्च, गुरुवार

देवा! देवा रे देवा!

दुकानदार जुना कॅमेरा तपासायला आला. मी मुद्दाम पाठ करून बसले होते, आता पितळ उघडं पडणार म्हणून. पाच मिनिटांत म्हणाला, "मॅडम, कॅमेरा ठणठणीत. फक्त हे चाक पार टोकाला गेलंय."

कसलं चाक? डोळा लावायच्या खिडकीशेजारी नखाएवढं चाक असतं, बघणाऱ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं. चष्म्याशिवाय बघता यावं म्हणून. मला चष्मा नाही. सात वर्षं हा कॅमेरा वापरतेय, एकदाही त्याला बोट लावलेलं नाही. आहे हेसुद्धा विसरले होते! एकोणीस वर्षांची अनुभवी म्हणे!

त्यानं चाक जागेवर आणलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे कॅमेरा रोखला. दिसलं! आकडे दिसले! लख्ख — म्हणजे जवळजवळ लख्ख, पण डोळे भरून आले होते तेव्हा, काय दिसणार डोंबल!

घाई तेवढ्यात धडधडत आली. "अय्या, ते चाक ना? मीच फिरवते. चष्म्याची काच आपटते हो तिथे, म्हणून काढून ठेवते."

"अगं बये! मग परत फिरवायला हाताला काय झालं होतं?"

"घाईत राहून जातं," म्हणाली. मी तिला मिठीच मारली. तिला वाटलं, ताईंना काहीतरी झालं.

खणातलं पान टराटरा फाडलं. नवीन लिहिलं — दोन डीएसएलआर घ्यावेत. मिररलेस उत्तम, पण एकच असला तर वरच्या वॉर्डातली माणसं तशीच कुडकुडत बसणार. मोठ्या बाईंनी उभ्या उभ्या सही केली. संध्याकाळी दुकानदार मिररलेस खोक्यात घालून घेऊनही गेला. जा बाबा, सुखानं जा!

आईला घरी पोचल्या पोचल्या सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं गं बाई." माझा हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

१३ मार्च, शुक्रवार

मान ताठ करून डॉक्टरांकडे गेले. चाकाची हकिगत सांगितली. "मग उगाच कॅमेऱ्याला नावं ठेवली आपण," एवढंच म्हणाले. आपण म्हणाले! मोठा माणूस.

मग पेन उघडून बसले. "हे चाक कधीपासून फिरलेलं होतं? त्या तारखेपासूनच्या सगळ्या तिळांचे फोटो परत काढू. त्याआधीचे मी खरे धरतो. कंडक्टर सोमवारी येतोय, निरोप आलाय. तेवढी तारीख विचारून लिहून द्या."

घाई आज रजेवर. उद्या विचारते. किती दिवसांनी भूक लागलीय!

१४ मार्च, शनिवार

घाईला तारीख विचारली. "एकवीस फेब्रुवारी," पटकन म्हणाली. "नवा चष्मा त्या दिवशी मिळाला. आधीचा बारका होता, तो कधी काढावाच लागला नाही."

कंडक्टरचा फोटो नऊचा, चाक फिरायच्या बारा दिवस आधीचा. आणि मास्तरांचा डाग सापडेना तो नव्या कॅमेऱ्यात, त्याच्या चाकाला तर घाईचं बोटही लागलं नव्हतं.

तासभर कोरा कागद घेऊन बसले. नऊच्या आधीची कुठलीही तारीख लिहिली असती तरी कुणी विचारलं नसतं. शेवटी डॉक्टरांना लिहिलं — चाकाचं विसरा. दोष माझ्या डोळ्याचा आहे. जानेवारीपासूनचे माझे सगळे फोटो परत काढायला हवेत, आणि ते घाईनं काढावेत. कंडक्टरचा सर्वांत आधी.

चिठ्ठी स्वतः नेऊन दिली आणि दुसऱ्या मजल्यावर नेत्रविभागात गेले. बाकावर बसून हे लिहितेय. डोळ्यांत थेंब घातलेत, अक्षरं पसरायला लागलीत. शेजारी कोण बसलंय तेही आता नीट दिसत नाही.