मागच्या फाटकाची चिठ्ठी

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय

विषय: संशोधनात सहभागी एका महिलेस आज दुपारी बाराच्या आत मागच्या फाटकातून प्रवेश मिळणेबाबत.
संदर्भ: आमचे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवर आपण तत्परतेने केलेली कार्यवाही.

महोदय,

आज सकाळी साडेनऊ वाजता आमच्या संशोधनात सहभागी असलेल्या एक शिक्षिका मुख्य फाटकावरून परत फिरल्या.

१. पाळीतील अतिरक्तस्रावावर एका नव्या गोळीचा कितपत उपयोग होतो, हे आमचा विभाग तपासत आहे. या शिक्षिका सुरुवातीपासून त्यात आहेत. त्यांचे गर्भाशय काढावे लागेल की गोळीवर भागेल, हे आजच्या रक्ताच्या नमुन्यावरून ठरणार आहे. नमुना पाळीच्या दुसऱ्या दिवशी, उपाशीपोटी, बाराच्या आत घ्यावा लागतो. तो चुकल्यास त्या अभ्यासातून बाद होतात व गोळीही बंद होते.

२. फाटकावरील रखवालदार सहभागी महिलांची नावे मोठ्याने फोनवरून वर विभागात कळवतात, अशी तक्रार आम्ही पहिल्या अर्जात केली होती. त्यावर सहभागी महिलेचे नाव उच्चारू नये, असा आदेश आपण काढलात. रखवालदार तो कसोशीने पाळतात. ते आता नावाऐवजी त्रास कळवतात. एका महिलेने त्यांना "दादा, जरा जोरात सांगा, समोरच्या दुकानात ऐकू गेलं नाही," असे सुचवले. हा टोमणा होता, हे रखवालदारांना आम्हाला नंतर समजावून सांगावे लागले.

३. त्रासही उच्चारू नये, ही विनंती आम्ही दुसऱ्या अर्जात केली. त्यावर आपण या महिलांसाठी स्वतंत्र रांग व तसा मोठा फलक लावून दिलात. रांग सुटसुटीत आहे. तीत कोणी उभे राहत नाही.

आज शिक्षिका सर्वसाधारण रांगेत उभ्या होत्या. रखवालदारांनी त्यांना ओळखले व आपुलकीने म्हटले, "ताई, तुमची रांग ती. अंगावरून जास्त जातं ना तुमच्या?" मागे त्यांच्याच शाळेचे मुख्याध्यापक होते. ते कानाच्या तपासणीसाठी आले होते. त्यांनी, काय म्हणालात, असे विचारले. वडीलधारे गृहस्थ विचारत आहेत म्हणून रखवालदारांनी सर्व पुन्हा सांगितले.

रखवालदारांवर कारवाई व्हावी, असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी आपला एकही आदेश मोडलेला नाही.

४. शिक्षिका सध्या समोरच्या बसथांब्यावर बसून आहेत. मी फोन केला असता त्या म्हणाल्या, "येईन मी, पण त्या फाटकातून नाही. उद्या शाळेत कोणत्या तोंडाने जायचं, तेच बघतेय."

मागच्या फाटकावर मी स्वतः चौकशी केली. तिथून रुग्णालयाचे धुणे ये-जा करते. माणूस आत घ्यायचा तर साहेबांची चिठ्ठी लागेल, धुण्याच्या गाडीत बसून आल्यास लागणार नाही, असे तेथील रखवालदारांनी सांगितले. हा पर्याय शिक्षिकांना अद्याप कळवलेला नाही.

५. तरी कृपया चिठ्ठी द्यावी. तीत प्रवेशाचे कारण लिहू नये. कारण गोपनीय आहे, असेही लिहू नये.

आपल्या दाराबाहेर चिठ्ठीसाठी थांबलेली,
संशोधन सहायक,
स्त्री प्रजनन आरोग्य विभाग
आज, सकाळी अकरा

सोबत: आधीच्या दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या.

ता. क. आपल्या दालनाबाहेरील खिडकीतून बसथांबा दिसतो. शिक्षिका आत्ताच उठून उभ्या राहिल्या. मध्ये बस येऊन थांबली आहे, त्यामुळे त्या कोणत्या बाजूला गेल्या ते दिसत नाही.