पहारेकऱ्याचा थरथरता हात

दादा,

नाटक बसवतोस म्हणून माझ्या लिखाणावर वाटेल तशी कात्री चालवशील? पहारेकरी निरपराध कैद्याचं कुलूप उघडतो, घाबरून पुन्हा लावतो, मग रडत उघडतो. नेमकं तेच कापलंस! म्हणे, "नायक डगमगत नाही." ज्याला भीतीच नाही, त्याच्या दार उघडण्याचं कसलं डोंबलाचं कौतुक?

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू फाटकातूनच मागे फिरलास. मी खिडकीतून बघत होते. कोपऱ्यावर थांबलास, तोंड पुसलंस आणि परत आलास. मग वर्षभर त्यांचं हगणंमुतणं काढलंस.

पहारेकरी कुणाला बघून लिहिला, हे तुला सांगणार नाही. हे पत्र फाडीन आणि उद्या तालमीत नुसती भांडेन.

अजून धुमसणारी,
तुझी धाकटी